आठ दिवसांत सहा ठिकाणं? आई-बाबांना घेऊन केनिया सफारीला निघताय तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की ऑगस्टमध्ये तुम्ही दोघं, ९ वर्षांची मुलगी आणि आई-बाबा, वय ६८ आणि ७२, असे पाच जण ८ दिवसांसाठी जाणार आहात, एजंटने नैरोबी, अंबोसेली, नैवाशा, नाकुरू, मसाई मारा, मग टांझानियातलं सेरेंगेटी, गोरोंगोरो आणि परत नैरोबी असा प्लॅन दिलाय, तो बरोबर आहे का, आणि नदी ओलांडणारे विल्डबीस्ट, म्हणजे ते गुरांसारखे दिसणारे शिंगवाले प्राणी, नक्की दिसतील का.

प्लॅन फाडून टाका. रागाने म्हणत नाहीये, पण खरंच. मी २००९ पासून छोटे ग्रुप घेऊन केनिया-टांझानियाला जातोय, आणि माझी स्वतःची पहिली ट्रिप अगदी अशीच होती, सात दिवसांत पाच पार्क. घरी आल्यावर बायकोने विचारलं काय बघितलंस, तर मला सगळ्यात स्पष्ट आठवत होती ती गाडीची पुढची सीट आणि तिच्या पाठीवरचा फाटका रेक्झिन. सिंह बघितले होते हो, पण दहा-दहा मिनिटं, कारण संध्याकाळच्या आत पुढच्या लॉजला पोचायचं होतं.

नकाशावर ही ठिकाणं जवळजवळ दिसतात म्हणून फसायला होतं. नैरोबी ते अंबोसेली साडेचार तास धरा. अंबोसेलीहून नैवाशा म्हणजे परत नैरोबीच्या ट्रॅफिकमधून वर जायचं, सहा-सात तास. नैवाशा ते नाकुरू दीड-दोन तास, ते ठीक. नाकुरू ते मारा पाच-सहा तास, शेवटचा पट्टा धुळीचा. आणि मग मजा, मारा ते सेरेंगेटी. दोन्ही जंगलं एकमेकांना चिकटून आहेत, मधे कुंपण नाही, विल्डबीस्ट रोज इकडून तिकडे जातात, पण टुरिस्टला तिथून सरळ जाता येत नाही. १९७७ साली केनिया-टांझानियाची सीमा बंद झाली, पुढे ती १९८३ मध्ये उघडली तरी जंगलातली ती वाट टुरिस्टसाठी बंदच राहिली. म्हणजे तुम्हाला पश्चिमेला इसेबानियाच्या नाक्यावर जाऊन शिक्के मारायचे, सामान उतरवून दुसऱ्या गाडीत टाकायचं, कारण केनियाची सफारी गाडी सहसा पुढे येत नाही, आणि मग सेरेंगेटीत शिरायचं. अख्खा दिवस गेला. तिथून गोरोंगोरो, आरुशा, नामांगा बॉर्डर, नैरोबी. मी हिशोब केला, नुसतं एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला चाळीस तासांच्या वर. ७२ वर्षांच्या माणसाला गाडीत चाळीस तास, त्यातले बरेच कच्च्या रस्त्यावर. तिकडचे ड्रायव्हर या हादऱ्यांना हसून आफ्रिकन मसाज म्हणतात, पहिल्या दिवशी आपणही हसतो.

आणि यातला खरा विनोद असा की ऑगस्टमध्ये सेरेंगेटीच्या मध्यावर जाऊन तुम्ही कळप शोधणार असाल तर ते तिथे नसतातच, ते उत्तरेला मारा नदीच्या काठावर असतात. तेच प्राणी आहेत हो, दोन देशांत दोन वेगळे कळप नाहीयेत. हे चक्र नीट समजून घ्या म्हणजे कुठलाही एजंट तुम्हाला गंडवू शकणार नाही. तेरा-चौदा लाख विल्डबीस्ट, त्यांच्याबरोबर दोन लाखांच्या आसपास झेब्रे आणि हरणं, हे सगळे पाऊस आणि कोवळं गवत यांच्यामागे वर्षभर गोल फिरत असतात. जानेवारी ते मार्च ते दक्षिण सेरेंगेटीत, एन्डुटूच्या बाजूला, तिथे ज्वालामुखीच्या राखेची जमीन आहे, गवत आखूड पण खनिजांनी भरलेलं, दूध पाजणाऱ्या माद्यांना तेच लागतं, म्हणून पिल्लं तिथे होतात. मग पाणी आटलं की वायव्येला सरकायचं, मे-जूनमध्ये ग्रुमेटी नदी, जुलै ते ऑक्टोबर मारा नदी, आणि नोव्हेंबरच्या पावसाला परत दक्षिणेकडे. मारा नदीच का, तर कोरड्या दिवसांत त्या अख्ख्या भागात बारमाही वाहणारी मोठी नदी तीच, माऊच्या जंगलातून येते आणि व्हिक्टोरिया सरोवराला मिळते.

आता क्रॉसिंग नक्की दिसेल का. नाही. नक्की म्हणणारा माणूस तुमच्याकडून ॲडव्हान्स घ्यायला बसलाय.

एकदा ऑगस्टमध्येच आम्ही सकाळी दहा वाजता काठावर जाऊन थांबलो, समोर हजार-दीड हजार जनावरं, धूळ, आणि ते सारखं चाललेलं हुंकारल्यासारखं गं-गं. ती पुढे यायची, पहिली रांग पाण्याला तोंड लावायची, कुठला तरी झेब्रा दचकायचा की सगळी उधळून मागे. असं तीन वेळा झालं. आमच्यातले एक काका म्हणाले, हे म्हणजे लक्ष्मी रोडला सिग्नल नसताना रस्ता ओलांडायचा प्रकार आहे. अडीच वाजता एका गाडीवाल्याने चांगला अँगल मिळावा म्हणून गाडी थेट कळपाच्या वाटेत घातली आणि सगळा कळप टेकडीमागे निघून गेला. साडेचार तास, निकाल शून्य. दुसऱ्या दिवशी तिथेच डबे उघडून जेवत होतो तर पहिल्या जनावराने उडी मारली आणि पुढची वीस मिनिटं कोणाच्या हातात घास तसाच राहिला. पहिल्या दिवशी नदीवर गेलेले आणि दुसऱ्या दिवशी चेक-आऊट करून नाकुरूला निघालेले लोक होते, त्यांना काय दिसलं असेल तुम्हीच सांगा.

म्हणून माझं उत्तर एकच आहे, मारात चार रात्री राहा आणि बाकीचं जवळजवळ सगळं काढून टाका.

प्लॅन असा करा. पहिली रात्र नैरोबी, मुंबईहून थेट फ्लाईट सहा तासांची आहे, घड्याळ अडीच तास मागे जातं, कोणाला जेट लॅग वगैरे होत नाही. दुसरी रात्र नैवाशा, रस्ता बरा आहे, वाटेत रिफ्ट व्हॅलीचा कडा लागतो तिथे दहा मिनिटं उतरा. नैवाशाला बोटीतून पाणघोडे आणि मासे उचलणारे गरुड, आणि क्रेसंट आयलंडवर जिराफ-झेब्र्यांमधून पायी चालता येतं, मोठे शिकारी प्राणी नसल्यामुळे. तुमच्या मुलीला गाडीत बसून बसून कंटाळा यायच्या आधी हे झालेलं चांगलं. मग मारा चार रात्री. शेवटी मारातल्या धावपट्टीवरून छोट्या विमानाने नैरोबीच्या विल्सन विमानतळावर, पाऊण-एक तास, आणि एक रात्र नैरोबीत आराम करून घरी. विमानाचे पैसे जास्त जातात हे मान्य, पण आईच्या कमरेचा आणि बाबांच्या गुडघ्यांचा विचार करा, परतीचे सहा तास वाचतात. फक्त त्या विमानात सामान माणशी १५ किलो, तेही मऊ बॅगेत, चाकांच्या कडक सुटकेस ते घेत नाहीत, ही गोष्ट लोकांना काउंटरवर कळते.

अंबोसेली पूर्ण वाया आहे असं मी म्हणत नाहीये. हत्ती बघायचे तर तिथेच, मागे ५,८९५ मीटरचा किलिमांजारो, आणि त्या हत्तींच्या कुटुंबांचा अभ्यास १९७२ पासून सलग चालू आहे, गाईडला विचारलंत तर अमकी कोणाची मुलगी हेसुद्धा सांगतो. पण डोंगर पहाटे आणि संध्याकाळीच ढगातून बाहेर येतो, म्हणजे दोन रात्री तरी हव्यात, आणि तुमच्याकडे त्या नाहीत. दहा दिवस झाले तर जोडा. नाकुरू सोडा, फ्लेमिंगोंच्या गुलाबी तळ्याचे जे फोटो एजंट दाखवतो ते जुने आहेत, तळ्याचं पाणी खूप वाढलं, खारटपणा कमी झाला आणि फ्लेमिंगो बरेचसे बोगोरिया तळ्याकडे गेले. गेंडे मात्र तिथे अजून छान दिसतात. गोरोंगोरो हे वेगळ्या टांझानिया ट्रिपसाठी ठेवा, फेब्रुवारीत एन्डुटूबरोबर, ती ट्रिप माझ्या मते मारापेक्षाही चांगली होते पण तो दुसरा विषय.

आता पैसे, कारण इथे लोकांचा सगळ्यात जास्त घोळ होतो. मारा हा नॅशनल पार्क नाही, नॅशनल रिझर्व्ह आहे, नारोक काउंटीच्या ताब्यात. नाकुरूसारखे पार्क केंद्राच्या वाइल्डलाईफ सर्व्हिसकडे, त्यांची फी वेगळी, पद्धत वेगळी. मारात २०२४ पासून परदेशी मोठ्या माणसाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर, ९ ते १७ वयाच्या मुलांना ५०. तुमची मुलगी ९ ची म्हणजे नेमकी त्यात बसली. चार मोठे आणि ती, दिवसाला ८५० डॉलर, चार दिवसांचे ३,४०० डॉलर, फक्त गेटवर. आणि तिकीट चोवीस तासांचं नाही, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असं बारा तासांचं. निघायच्या दिवशी आत राहात असाल तर सकाळी दहाच्या आत बाहेर पडायचं, नाहीतर त्या दिवसाची फी पुन्हा. त्यामुळे कोटेशनमध्ये "पार्क फी इन्क्लूडेड" लिहिलंय तेवढ्यावर जाऊ नका, किती दिवसांची धरली आहे ते लेखी मागा. आमच्या एका ओळखीच्या फॅमिलीला गेटवर कळलं की शेवटच्या दिवसाची फी एजंटने धरलीच नव्हती, आणि ते सहा जण होते.

राहायचं कुठे हा प्रश्न हॉटेलच्या स्टारवरून ठरवू नका, नकाशावरून ठरवा. स्वस्त कॅम्प बहुतेक सेकेनानी आणि तालेक गेटच्या बाहेर आहेत. त्यात वाईट काही नाही, पण सेकेनानीहून नदीवर जायला दीड-दोन तास आणि यायला तेवढेच, म्हणजे तुमच्या बारा तासांतले चार गेले, ते पण रोज. मी असतो तर दोन रात्री नदीजवळ, शक्यतो मारा ट्रँगलच्या बाजूला, म्हणजे नदीच्या पश्चिमेचा भाग, तो २००१ पासून वेगळी संस्था चालवते आणि तिथे नियम जरा कडक पाळले जातात, एका प्राण्याजवळ एका वेळी पाच गाड्या, बाकीच्यांनी लांब थांबायचं. आणि दोन रात्री एखाद्या कन्झर्व्हन्सीत.

कन्झर्व्हन्सी म्हणजे काय हे इकडे फार कमी लोकांना माहीत आहे. रिझर्व्हच्या उत्तरेला मसाई लोकांच्या स्वतःच्या जमिनी आहेत, त्या त्यांनी एकत्र करून कॅम्पवाल्यांना भाड्याने दिल्या, जमीनमालकाला दर महिन्याला भाडं मिळतं, गुरं ठरलेल्या पद्धतीने चरतात आणि कॅम्पची संख्या मोजकी. मारा नॉर्थ, नाबोइशो, ओलारे मोटोरोगी ही त्यातली मोठी नावं. तिथे गाडी रस्ता सोडून नेता येते, रात्रीची सफारी असते, मसाई गाईडबरोबर पायी फिरता येतं. मुख्य रिझर्व्हमध्ये यातलं काहीच चालत नाही. महाग आहे. पण ज्या दिवशी तुम्ही कन्झर्व्हन्सीतच असाल त्या दिवशी रिझर्व्हची ती २०० डॉलरची फी लागत नाही, तिची स्वतःची फी बहुतेक वेळा कॅम्पच्या दरातच धरलेली असते, तेव्हा दोन्ही आकडे शेजारी मांडून बघा, फरक वाटतो तेवढा राहात नाही. सिंह, बिबटे, चित्ते तिथे वर्षभर असतात, ते काही विल्डबीस्टबरोबर गावोगाव फिरत नाहीत.

ताडोबाला जाऊन आलेले लोक मारात गेले की एक चूक हमखास करतात, आणि तुम्ही दोनदा जाऊन आलात म्हणून सांगतो. ताडोबात बांबूच्या गचपणात कान लावून बसायचं, चितळ ओरडलं, माकड खाकरलं, की जिप्सी पळवायची, आणि वाघ दिसला की दिवस वसूल. मारात सगळं उघड्यावर आहे. पहिल्या दोन तासांत तुम्हाला सिंह दिसेल, तो झोपलेला असेल, तो दिवसाचे अठरा-वीस तास झोपतोच, आणि मग लोक म्हणतात, झाला सिंह, आता बिबट्या दाखवा, मग गेंडा, मग चित्ता. ड्रायव्हर बिचारा रेडिओवर स्वाहिलीत विचारत पळत सुटतो, सिंबा म्हणजे सिंह, चुई म्हणजे बिबट्या, दुमा म्हणजे चित्ता, दोन दिवसांत तुमच्या मुलीला सगळं कळायला लागेल आणि ती तुमच्या आधी ओळखेल कुठे निघालोय ते. तर त्याला पहिल्याच दिवशी सांगा, आम्हाला यादी पूर्ण करायची नाहीये, पोले पोले, सावकाश. त्याचा चेहरा बघा कसा खुलतो ते.

एका फेब्रुवारीत आम्हाला एक चित्तीण दिसली, वारुळावर बसलेली, दोन मोठी पिल्लं खाली गवतात. आमच्यासकट पंधरा गाड्या होत्या. दहा मिनिटांत फोटो झाले आणि चौदा गाड्या गेल्या. आम्ही थांबलो, ग्रुपमधल्या दोघांनी कुरकुर केली, तासाभराने तीही थांबली कारण ते झोपले. तिसऱ्या तासाला चित्तीण उठली, शेपटीचं टोक हललं, आणि थॉमसन्स गॅझेल या लहान हरणांचा एक छोटा कळप होता त्यातल्या एकाच्या मागे ती जी सुटली. पकडलं. ती धापा टाकत होती, खाऊसुद्धा शकत नव्हती, पिल्लांनी तोंड घातलं आणि तेवढ्यात एक तरस दुडकत आलं. एकच. चित्तीण बाजूला झाली. मारामारी नाही की काही नाही, जखम झाली तर पुढची शिकार करता येणार नाही हे तिला माहीत असतं. चित्ता दिवसाढवळ्या शिकार करतो तो याच लोकांना चुकवायला, सिंह आणि तरस रात्री जास्त फिरतात म्हणून, आणि तरीही हे असं. गाडीत पाच मिनिटं कोणी बोललं नाही, मग मागून एक काकू म्हणाल्या, आता ती पोरांना काय घालणार.

गाड्यांच्या गर्दीचं सांगतो कारण हे आपल्या हातात आहे. मारातल्या चित्त्यांवर २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात टुरिस्ट कमी असलेल्या भागात एका मादीची एका वेतातली सरासरी दोनच्या वर पिल्लं मोठी होतात असं दिसलं, आणि जास्त गर्दीच्या भागात हा आकडा पाव पिल्लाच्याही खाली. गाड्यांनी घेरलेली आई शिकार सोडते, किंवा पिल्लं कुठे आहेत ते तरसांना कळतं. म्हणून ड्रायव्हर जर म्हणाला की आपण इथूनच बघू, तर त्याच्या हातावर दहा डॉलर ठेवून "जरा जवळ घे ना" म्हणू नका. आपले लोक करतात हे. त्याला पकडलं तर दंड त्याला होतो.

नदीबद्दल अजून एक, मुलगी ९ वर्षांची आहे म्हणून. क्रॉसिंग टीव्हीवर दिसतं तसं स्वच्छ नसतं. मगरी धरतात तो भाग थोडा, जास्त जनावरं बुडून आणि चेंगरून मरतात, २०१७ च्या एका अभ्यासाप्रमाणे वर्षाला सरासरी सहा हजारांच्या वर. काठावर वास असतो, गिधाडं आणि मोठे टकले मारबू करकोचे गर्दी करून बसलेले असतात. त्याच मांसावर आणि हाडांवर नदीतले मासे कित्येक वर्षं जगतात, हे तिला आधी सांगून ठेवा, मुलं समजून घेतात. बहुतेक वेळा मोठ्यांनाच जास्त त्रास होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे एजंटने तुम्हाला सांगितलंच नाहीये असं तुमच्या प्रश्नावरून वाटतंय. यलो फिव्हरची लस. केनिया या तापाचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे, त्यामुळे परत येताना भारतात सर्टिफिकेट लागतं, नसेल तर मुंबईला उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाईन करू शकतात. लस सरकारमान्य सेंटरवरच मिळते, कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे नाही, अपॉइंटमेंटला वेळ लागतो, आणि प्रवासाच्या कमीत कमी दहा दिवस आधी घ्यायची. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. पण ६० च्या वरच्या माणसाला ही लस पहिल्यांदाच देताना गंभीर साईड इफेक्टची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते, अंड्याची ॲलर्जी असेल तर किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तरी अडचण येते. म्हणून तिकीट काढायच्या आधी, परत सांगतो आधी, आई-बाबांना त्यांच्या फाईली घेऊन डॉक्टरांकडे न्या, लस नकोच असं ठरलं तर परतताना नेमकं काय होईल हे त्या सेंटरवरच विचारा. माझ्या एका ग्रुपमध्ये एका आजोबांचं पूर्ण पेमेंट झाल्यावर हे निघालं आणि ते घरी राहिले, आजी एकट्या आल्या आणि पहिले दोन दिवस प्रत्येक प्राणी बघून "ह्यांना दाखवायला हवं होतं" म्हणत होत्या. मलेरियाच्या गोळ्यांचं पण त्याच डॉक्टरांना विचारून घ्या. व्हिसा आता नाही, जानेवारी २०२४ पासून ऑनलाईन ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी आहे, माणशी ३० डॉलरच्या आसपास, मुलीचाही वेगळा काढावा लागतो.

गाडी. व्हॅन नको, छत उघडणारी लँड क्रूझर हवी, आणि ती फक्त तुमच्या पाच जणांची. शेअरिंगमध्ये पैसे वाचतात पण आईला मधेच बाथरूमला जायचं असेल तर अनोळखी लोकांसमोर ती सांगणार नाही, पाणी पिणंच बंद करेल, आणि संध्याकाळी डोकं धरून बसेल. हे मी दर वर्षी बघतो. गाडीतून कुठेही उतरता येत नाही, ड्रायव्हर मोकळी जागा बघून चहूबाजूंनी नजर टाकून सांगतो मग टायर चेक करायला म्हणून गाडीमागे जायचं, त्याला तिकडे असंच म्हणतात. आईला हे आधी मोकळेपणाने सांगा. सीट मधली द्या, मागच्या चाकावरची नको. व्हॅनचं का सांगतो, तर मारातली माती आपल्या विदर्भातल्या कपाशीच्या जमिनीसारखीच काळी, तिला तिकडेही ब्लॅक कॉटन सॉईलच म्हणतात, दोन सरी पडल्या की लोण्यासारखी होते. एका एप्रिलमध्ये आमची व्हॅन अशी रुतली की सिंहाच्या कुटुंबापासून तीनशे मीटरवर आम्ही दोन तास ट्रॅक्टरची वाट बघत बसलो होतो. ऑगस्ट कोरडा असतो तरी मारात दुपारचा पाऊस कधीही येतो.

थंडीला लोक हसतात, आफ्रिकेत थंडी कसली म्हणून. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर आहे, पहाटे सहाला उघड्या छताच्या गाडीत तुम्हाला स्वेटर, कानटोपी, आईला शाल, सगळं लागणार. रात्री तंबूत पांघरुणाखाली रबरी पिशवीत गरम पाणी भरून ठेवतात, हे आधी सांगून ठेवा, एका काकूंनी पाय घातला आणि काहीतरी ऊबदार मऊ लागलं म्हणून अशी किंकाळी फोडली की दोन मसाई चौकीदार भाले घेऊन धावत आले. ताडोबाला घालतो तसले मिलिटरी छापाचे कपडे नेऊ नका, तिकडे सामान्य माणसाने ते घालणं चालत नाही, साधे खाकी-मातकट कपडे बास. प्लॅस्टिकच्या पिशव्या बॅगेतून काढा, केनियात ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे आणि ती कागदावरची बंदी नाही, भाकरवडी-चिवडा डब्यात भरा. ड्रोन घरी ठेवा.

कॅमेऱ्याचं फार विचारलंय तुम्ही, पण १००-४०० ची लेन्स आहे ना, पुरे. त्यापेक्षा आई-बाबांना आणि मुलीला प्रत्येकी एक दुर्बीण द्या, ८ बाय ४२, एकच दुर्बीण पाच जणांत फिरवली की भांडणं होतात. लेन्स टेकवायची बीन बॅग रिकामी न्या, नारोकच्या बाजारात राजमा घेऊन भरा, निघताना कॅम्पच्या किचनला देऊन टाका.

जेवणाची काळजी करू नका, शाकाहारी असलात तरी. केनियात गुजराती लोक कित्येक पिढ्यांपासून आहेत, लॉजच्या आचाऱ्याला डाळ-भात-भाजी येते, जैनसुद्धा करून देतात पण बुकिंगच्या वेळी सांगा. चपाती तिकडची स्वतःचीच झालीय, नावासकट, जरा जाड आणि तेलकट. कोशिंबिरीसारखं असतं त्याला काचुंबारी म्हणतात. पेसा, दुका, बिमा, चाय हे शब्द ऐकले की बाबा खूश होतील, माझे वडील तर दुका हा शब्द ऐकून प्रत्येक दुकानदाराशी मराठीत बोलायला लागले होते.

तारखांबद्दल शेवटचं. शाळेमुळे ऑगस्ट म्हणताय, पण ऑगस्टात सात-आठ दिवस शाळा बुडणारच आहे ना. मग जूनच्या पहिल्या पंधरवड्याचा विचार करून बघा, आपल्या शाळा उघडायच्या आधी. फी निम्मी, गाड्या फार कमी, मोठा पाऊस संपत आलेला, सगळं हिरवं. गवत उंच असतं त्यामुळे बिबट्या-चित्ता शोधायला जास्त कष्ट पडतात आणि नदीचा प्रकार दिसणार नाही, हे दोन तोटे. क्रॉसिंगवर जीव अडकलाच असेल तर ऑगस्टच घ्या आणि चार रात्रींची पाच करा, नैवाशा काढून टाका.

एजंटकडून एवढं लेखी घ्या, गाडी कोणती आणि तिच्यात बाकी कोणी असणार का, कॅम्प गेटच्या आत की बाहेर, फी किती दिवसांची धरली, आणि कुठल्या दिवशी गाडीत किती तास. कॅम्पची नावं आली की इथे टाका, नदीपासून किती लांब पडतात ते मी बघून सांगतो.